न्यूट्रलला खरखर, क्लच दाबला की गप्प : जुन्या फियाटचा गिअरबॉक्स खोलण्याआधी आणि खोलल्यावर

प्रश्न थोडक्यात असा. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाट ११००), स्टिअरिंगवरचा गिअर. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहिली की खालून खरखर येते, क्लच दाबला की दोन सेकंदांत बंद. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्यावर ओढताना तोच आवाज मोठा होतो, सपाटीला चौथा पडला की जवळजवळ गायब. वेगातून दुसऱ्यावर उतरवताना अधूनमधून ‘कर्र’ होतं. एक मिस्त्री म्हणतो जास्त दाट, १४० नंबर ऑइल भरा, दुसरा म्हणतो मुंबईहून भंगारातला अख्खा बॉक्स आणून टाकू. काय करायचं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. क्लच शाफ्टचं मोठं बेअरिंग किंवा ले शाफ्टची बेअरिंग गेलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दात बहुधा अजून शाबूत असतील. १४० नंबर भरू नका, आणि भंगारातला बॉक्स अगदीच इलाज खुंटला तर. पण लगेच पाना हातात घेऊ नका. ऑइल, क्लच, फाउंडेशन रबर (बॉक्सखालचं) आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा) हे चार संशयित आधी बाद करा. त्याला एक सकाळ पुरते. विनाकारण उतरवलेला बॉक्स मात्र परत चढवताना नवी दुखणी घेऊन येतो: वाकलेली क्लच प्लेट, गळकं सील, हरवलेला डॉवेल (बॉक्स नेमक्या जागी बसवणारी पिन).

आवाजाची जागा नुसत्या कानानं शोधायला गेलात तर फसाल. पायाखालचा पत्रा सगळे आवाज सारखेच वाजवतो. मागच्या हाऊसिंगचा (डिफरन्शिअलचा) घुमारा गिअर लिव्हरपाशी ऐकू येतो. म्हणून प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारायच्या: या क्षणी कोणता शाफ्ट फिरतोय, आणि जोर कोणावर आहे.

बॉक्समध्ये तीन शाफ्ट. इंजिनाकडून येणारा क्लच शाफ्ट, खाली समांतर ले शाफ्ट (त्यावरच्या गिअरच्या जुडग्याला आपल्याकडे क्लस्टर म्हणतात), आणि मागे प्रोपेलरला जाणारा मेन शाफ्ट. क्लच शाफ्टचा गिअर आणि क्लस्टरचा पहिला गिअर कायम एकमेकांत असतात. म्हणजे पेडल सोडलेलं असलं की न्यूट्रललाही क्लच शाफ्ट आणि क्लस्टर इंजिनाबरोबर फिरत राहतात. मेन शाफ्ट उभा. पेडल दाबलं की दोघं दोन-तीन सेकंदांत थांबतात. पहिला, दुसरा, तिसरा या गिअरमध्ये सगळी ताकद खाली क्लस्टरमध्ये उतरून पुन्हा वर येते. चौथ्यात क्लच शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात. क्लस्टर फिरतो, पण रिकामा. अ‍ॅम्बॅसडर असो, फियाट असो, चार गिअरच्या मागच्या चाकावर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हिशोब हाच. इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बॅसडरला आणि कॉन्टेसाला पाच गिअर आहेत, तिथेही चौथाच थेट आणि पाचवा पुन्हा क्लस्टरमधून.

एवढं कळलं की तुमची लक्षणं आपोआप उलगडतात. न्यूट्रलला आवाज आणि क्लच दाबल्यावर बंद, म्हणजे क्लच शाफ्ट आणि क्लस्टर या दोन फिरणाऱ्यांपैकी कोणीतरी. तिसऱ्यावर ओढताना वाढतो आणि चौथ्यात पडतो, म्हणजे क्लस्टरवर जोर आला की बोंब. नुसतं क्लच शाफ्टचं बेअरिंग असतं तर चौथ्यातही गुणगुण थोडीफार राहिली असती. तुमची ‘जवळजवळ गायब’ ही शब्दरचना म्हणूनच महत्त्वाची आहे: माझा कौल क्लस्टरच्या बेअरिंगकडे झुकतो. मेन शाफ्टच्या पुढच्या नाकावर, क्लच शाफ्टच्या पोटात जे बारीक रोलर असतात, त्यांचीही लक्षणं जवळपास हीच, कारण चौथ्यात दोन्ही शाफ्ट एकत्र फिरतात आणि त्या रोलरना कामच उरत नाही. त्यामुळे बॉक्स उघडला की तेही बदलायचे.

याउलट चारही गिअरमध्ये, चौथ्यासकट, सारखाच आवाज आणि न्यूट्रलला उभ्या गाडीत शांतता असेल तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग किंवा त्याच्याही मागची मंडळी. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरचे दात किंवा त्याचा बुश. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर बॉक्स निर्दोष: पेडलला नुसता पाय टेकवताच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, पूर्ण दाबून गिअर टाकून उभं राहिल्यावर कुईं कुईं करत असेल तर क्रँकच्या टोकातलं पायलट बुश. आणि पहिला व रिव्हर्स रडत असतील तर रडू द्या. जुन्या बॉक्समध्ये त्यांचे दात बहुतेक सरळ कापलेले असतात, आणि सरळ दात ओरडतातच.

आता तपासणी. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल गरम होईल. थंड गाडीवर केलेलं निदान निम्मं खोटं निघतं.

पहिलं काम बॉक्सचं नाहीच: आयडलिंग नीट करा. कार्बोरेटर किंवा पॉइंटच्या गडबडीनं इंजिन अडखळत असेल तर प्रत्येक धक्क्याला क्लस्टरचे दात पुढे-मागे आपटतात आणि हुबेहूब गेलेल्या बेअरिंगसारखी खडखड येते. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा सैल झाल्या तरी तेच. ही खडखडसुद्धा क्लच दाबला की थांबते, म्हणून इथे पुष्कळ बॉक्स नाहक उतरवले जातात. ओळखायची खूण अशी: अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर न्या. खडखड विरली तर ती आयडलिंगची किंवा प्लेटची. खरखर तशीच राहून सूर चढत गेला तर बेअरिंग.

मग मोठा स्क्रू ड्रायव्हर किंवा हातभर लोखंडी सळई घ्या. गाडी पिटवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा, न्यूट्रल, इंजिन चालू. सळईचं एक टोक बॉक्सवर, दुसरं कानामागच्या हाडावर. बेलहाउसिंगला लागून वरच्या बाजूला टेका: ते क्लच शाफ्टचं बेअरिंग. खाली, पुढच्या आणि मागच्या टोकाला: ले शाफ्ट. सगळ्यात मागे शेपटीला: मेन शाफ्ट. चांगलं बेअरिंग एकसारखं सळसळतं. गेलेल्या बेअरिंगमध्ये त्या सळसळीत मधेच ‘टक’ किंवा वाळू दळल्यासारखा कणीदार आवाज येतो. शर्टाची बाही, रुमाल, गळ्यातला गमछा प्रोपेलरपासून लांब. गाडी स्टँडवर घेऊन गिअरमध्ये मागची चाकं फिरवून ऐकायची पद्धत काही जण वापरतात. मला ती पसंत नाही. धोका आहे तो आहेच, शिवाय चाकांवर भार नसल्यानं हाऊसिंग खोटे आवाज काढतं.

रस्त्यावरची चाचणी पहाटे, अक्कलकोट रोडसारख्या सरळ पट्ट्यात. ताशी ५० ला आवाज पकडा, क्लच दाबून न्यूट्रल करा, पेडल सोडा आणि गाडी वाहू द्या. इंजिन बंद करू नका, किल्लीला तर हातच लावू नका. स्टिअरिंग लॉक पडलं तर बोलायची सोय नाही. वाहतानाही आवाज तसाच असेल तर प्रोपेलरचे क्रॉस (सांधे), सेंटर बेअरिंग, हाऊसिंग किंवा चाकाची बेअरिंग; बॉक्समधलं फार तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग, क्लच शाफ्ट किंवा क्लस्टर नव्हे. मग ४० च्या वेगाला एकदा तिसऱ्यात, एकदा चौथ्यात चालवा. वेग तोच, इंजिनाच्या फेऱ्या वेगळ्या. आवाजाचा सूर बदलला नाही तर तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे, म्हणजे मागचा. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, अशी ‘हूंऽऽ’ असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे हाऊसिंगमधली गिअरची जोडी.

क्रॉस तपासायला पिटमध्ये उतरून शाफ्ट एका हातात, योक दुसऱ्या हातात धरून उलटसुलट पीळ द्या. जराही ‘टिक’ जाणवलं, किंवा क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लाल पूड दिसली, तर क्रॉस गेला. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगचं रबर हातानं दाबून पाहा. बॉक्सखालचं फाउंडेशन रबर फाटलं किंवा ऑइल पिऊन लोण्यासारखं झालं की बॉक्सचा एरवी ऐकू न येणारा आवाज थेट पत्र्यात उतरतो. रबराचं काम स्वस्तातलं आहे. आवाज निम्मा त्यानंच जातो असं खूपदा होतं. लिव्हर हातात घट्ट धरल्यावर खडखड थांबत असेल तर स्टिअरिंगखालच्या लिंकेजचे बुश झिजलेत. आणि स्पीडोमीटरचा काटा थरथरत टिकटिक येत असेल तर केबल सोडून एक फेरी मारा, उत्तर मिळेल.

दुसऱ्यावरच्या ‘कर्र’चं वेगळं सांगतो. फियाट ११०० च्या या बॉक्समध्ये सिंक्रो (गिअर जुळण्याआधी दोघांचा वेग सारखा करणारी रिंग) दुसरा, तिसरा, चौथा यांनाच, पहिल्याला नाही. गाडी चालत असताना पहिला टाकून ‘कर्र’ झालं तर तो चालवणाऱ्याचा दोष. दुसऱ्याची तक्रार असेल तर आधी क्लच पूर्ण सुटतोय का ते पाहा: इंजिन आयडलिंगला, पेडल पूर्ण दाबा, पाच आकडे मोजा, हळूच रिव्हर्स टाका. तेव्हाही ‘कर्र’ झालं तर क्लच ओढतोय. पेडलचं फ्री प्ले, लिंकेज, प्लेट हे आधी. पेडलला साधारण २० ते २५ मिमी मोकळी चाल हवी. फार जास्त असेल तर क्लच सुटत नाही, अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहून जळतं. रिव्हर्स गुपचूप पडला आणि तरी दुसऱ्याला ‘कर्र’ झालं, तरच सिंक्रो रिंग. दुसऱ्याची रिंग सगळ्यांत आधी जाते, कारण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना वेगाचा फरक सगळ्यांत मोठा. शहरातला स्पीडब्रेकर-टू-स्पीडब्रेकर प्रवास तिच्या जिवावर चालतो.

ऑइल

हे सावकाश करा, कारण अर्धं निदान इथेच होतं.

आधी भरायचा प्लग सैल होतोय का ते पाहा, मग खालचा काढा. उलट केलंत आणि वरचा प्लग अडकला तर रिकाम्या बॉक्सची गाडी पिटवर बसून राहील. गरम ऑइल पांढऱ्या एनॅमलच्या किंवा स्वच्छ स्टीलच्या थाळीत घ्या. किती निघालं ते मापून ठेवा. कमी निघालं तर आवाजाचं एक कारण तिथेच सापडलं, आणि गळती कुठे आहे ते शोधायचं कामही. थाळी उन्हात तिरकी करून ऑइल हलकेच फिरवा. सोनेरी चमचम उठली तर ती सिंक्रो रिंगांची पितळ. थोडी असतेच, पण जिलबीच्या केशरासारखी दाट असेल तर रिंग संपत आल्यात. मग ऑइल जुन्या सुती कापडातून गाळा, कापडावर लोहचुंबक फिरवा. बोटावर घेतली तर काळपट मलमासारखी लागणारी पूड ही नेहमीची झीज. नखाच्या कोरेएवढे पातळ, चकाकणारे पापुद्रे आले तर बेअरिंगच्या रेसची (कड्याची) किंवा शाफ्टची कडक कातडी सुटतेय. जाड, टोकदार, एका बाजूनं मॅट आणि दुसऱ्या बाजूनं चकचकीत तुकडा म्हणजे दाताचा टवका; असा तुकडा दिसला की गाडी चालवणं त्याच क्षणी थांबवायचं. तो दोन दातांच्या मधे सापडला तर केसिंग फुटतं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली असेल तर आठवून पाहा.

नवं ऑइल एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, आणि जीएल-४ प्रतीचं. दुकानात बहुधा जीएल-५ पुढे करतात, ‘भारीचं आहे’ म्हणून. ते हाऊसिंगला. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची दाबरोधक द्रव्यं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. क्राउन-पिनियनच्या घसटीला ती लागतातच, पण सिंक्रो रिंगेला पकड हवी असते, निसरडेपणा नव्हे. शिवाय तापल्यावर ही द्रव्यं पितळेला खातात. पातळी बघायची ती गाडी सपाट असताना, पातळीच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत. मोटारसायकलचं किंवा ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल ओतायचं नाही.

अ‍ॅम्बॅसडरवाल्यांनी आणि विलायती गाड्या बाळगणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: एमजीबीसारख्या काही ब्रिटिश गाड्यांच्या बॉक्सला कंपनीनं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच सांगितलंय. पातळ वाटतं, पण नाही. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगवेगळ्या मापपट्टीवरचे आहेत. गिअरचं ९० नंबर हे साधारण इंजिनाच्या ४०-५० नंबरइतकंच दाट असतं. गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच प्रमाण.

१४० नंबरचा सल्ला का नको? आवाज त्यानं नक्की दबतो, म्हणूनच तो सल्ला दिला जातो. पण बारीक रोलरपर्यंत दाट ऑइल पोचत नाही. तिथे उडालेल्या ऑइलवरच वंगण चालतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या थंड पहाटे १४० नंबर घट्ट बसून राहतं, क्लस्टर त्यात नुसतं चर खणतं आणि बेअरिंग कोरडी धावतात. सिंक्रोही त्या दाट थरातून कोनला पकडत नाही, मग ‘कर्र’ वाढतं. ग्रीस भरणारे तर आणखी पुढचे. जुनी गाडी विकताना बॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकायची युक्ती ज्या जातीची, त्याच जातीचे हे इलाज. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर ऑइल पातळ होऊन आवाज वाढला, तर तो बेअरिंगच्या झिजेचा पुरावा समजायचा. ऑइल बदलून पुरावा झाकायचा नाही.

उतरवणं

नवं ऑइल भरून दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा. खरखर तशीच असेल तर आता उतरवा. बॅटरीची तार काढा. प्रोपेलरच्या फ्लँजवर आणि जोडीच्या फ्लँजवर पंचनं खुणा करा, परत त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर नवा थरथराट सुरू होतो. इंजिनाच्या खाली, चेंबरवर लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या. बॉक्स ओढताना तो क्षणभरही क्लच शाफ्टवर लटकू द्यायचा नाही. तेवढ्या वजनानं क्लच प्लेटचा हब वाकतो. दोन माणसं, एक ट्रॉली जॅक, सरळ मागे. निघाला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश तिथल्या तिथे पाहून घ्या. बुश झिजलं असेल तर भोकात ग्रीस ठासून भरा, बरोब्बर बसेल असा गुळगुळीत दांडा घालून हातोडा मारा. ग्रीसच्या दाबानं बुश बाहेर येतं. नवं बुश छिद्राळ ब्राँझचं असेल तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

टेबलावर आणल्यावर बहुतेक जण क्लच शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवतात आणि ‘बेअरिंग गेलं’ म्हणतात. तो शाफ्ट थोडा हलणारच; पुढचं टोक पायलट बुशवर टेकायचं असतं आणि मागे एकच बॉल बेअरिंग. खरी परीक्षा अशी: शाफ्ट एका बाजूला दाबून धरा आणि हळूहळू फिरवा. कण लागल्यासारखं, अडखळल्यासारखं जाणवलं तर गेलं.

उघडण्याआधी भरपूर फोटो घ्या, प्रत्येक शिमचं, वॉशरचं तोंड कुठे होतं ते टिपा. शिफ्टर रॉड काढताना डिटेंटच्या (गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या) गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात; वरती कापड धरा. बारीक रोलर किती निघाले ते मोजून कागदावर लिहा, कमी भरले तर ते आतच कुठेतरी आहेत.

ले शाफ्ट दोन तऱ्हेचे. काहींत क्लस्टर आणि शाफ्ट एकसंध असून दोन्ही टोकांना केसिंगमध्ये बेअरिंग असतं. अ‍ॅम्बॅसडरचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराणं किंवा जीपचा टी-९० यांत शाफ्ट स्थिर असतो आणि क्लस्टर त्याच्यावर बारीक रोलरवर फिरतो. दुसऱ्या प्रकारात शाफ्ट हीच आतली रेस. शाफ्ट पुसून त्यावर आडवं नख फिरवा. एका बाजूला, जिथे जोर येतो तिथे, खरबरीत खड्डे लागतील. तीच तुमची खरखर. असा शाफ्ट लेथवर घासून गुळगुळीत करायचा नाही. वरची कडक कातडी मिलिमीटरभराचीच असते, ती गेली की आत मऊ लोखंड. वेल्डिंगनं भरून टर्निंग करणं तर त्याहून वाईट. तयार शाफ्ट मिळत नसेल तर बनवून घ्या, पण ईएन ३६ किंवा ईएन ३५३ सारख्या केस हार्डनिंगच्या (वरची कातडी कडक करता येणाऱ्या) पोलादातून, हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग करून, पृष्ठभागाचा कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी. ‘ईएन ८ मध्ये करून देतो, स्वस्तात’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पॉवरलूमच्या या गावात चांगल्या लेथवाल्यांची वाण नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ग्राइंडिंगवाला गाठा आणि नमुना म्हणून जुन्या शाफ्टचा न झिजलेला भाग मापायला द्या.

बॉल बेअरिंगसाठी ‘फियाटचं बेअरिंग द्या’ असं विचारत फिरू नका. बाहेरच्या रेसवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. नंबरात मापं दडलेली असतात: ६२०६ म्हणजे आतलं भोक ३० मिमी, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १६, ६३०५ म्हणजे २५, ६२, १७. नंबरापुढचा ‘एन’ म्हणजे बाहेर सर्क्लिपची खाच आहे. तो विसरून साधं आणलंत तर बसणारच नाही. ‘सी३’ म्हणजे आतली ढिलाई जास्त. जुन्यावर असेल तरच नव्यावर हवं. दोन्ही बाजूंनी रबर सीलचं घेऊ नका, बॉक्समधल्या बेअरिंगला ऑइल आतून-बाहेरून खेळतं लागतं. नकली माल बाजारात भरपूर आहे. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट.

दात पाहताना दोन गोष्टी: दाताच्या मध्यावर चकचकीत पट्टा असणं ठीक, खड्डे किंवा टवके असणं नाही. आणि गिअर बदलायचा तर जोडीनं. जुन्या दाताशी नवा दात लावला तर बेअरिंगची खरखर जाऊन आयुष्यभराची शिट्टी लागेल. सिंक्रो रिंग कोनवर दाबून धरा आणि रिंगेचे दात व गिअरचे बारीक दात यांतली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजा. मिलिमीटरभर फट निरोगी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की रिंग टाकून द्या. गिअर निसटून न्यूट्रलला येत असेल तर बारीक दातांची टोकं गोलावली आहेत का, डिटेंटच्या स्प्रिंगा मेल्या आहेत का, फोर्कच्या टोकाशी चर पडलाय का, हे बघा.

पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. भंगारात येणारे बॉक्स बरेचसे अशाच गाड्यांचे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाला शेकडो वेळा दुसरा टाकलेला बॉक्स तुमच्या घरगुती गाडीच्या बॉक्सपेक्षा चांगला निघेल ही आशा जरा जास्तच आहे. आणायचाच असेल तर सुट्या गिअरसाठी, केसिंगसाठी आणा.

जोडणं

बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रेसवरच, केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रेसवर. गोळ्यांतून जोर गेला तर नवं बेअरिंग बसतानाच मेलं. घट्ट असेल तर ऑइलमध्ये ८० ते १०० अंशांपर्यंत तापवा, १२० च्या वर कधीच नाही. गॅसच्या ज्योतीनं तर मुळीच नाही.

स्थिर शाफ्टच्या बॉक्समध्ये रोलर जागेवर राहात नाहीत. त्यासाठी लेथवर एक डमी शाफ्ट करून घ्या: खऱ्यापेक्षा व्यासानं किंचित बारीक, लांबी क्लस्टरइतकी. रोलर घट्टसर ग्रीसमध्ये चिकटवून डमी आत घाला, क्लस्टर केसिंगच्या तळाशी ठेवा, वरचं सगळं जोडून झाल्यावर क्लस्टर उचलून खरा शाफ्ट डमीला ढकलत आत घाला. थ्रस्ट वॉशर निसटून खाली पडला तर पुन्हा पहिल्यापासून. क्लस्टरची आडवी चाल फीलर गेजनं मोजा. बीएमसी घराण्यात ती दोन-तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०५ ते ०.०८ मिमी सांगितलीय आणि वेगवेगळ्या जाडीचे वॉशर त्यासाठीच मिळतात. जास्त चाल राहिली की अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना ‘ठक’ येतो.

पुढच्या कव्हरचं पॅकिंग मूळ जाडीचंच हवं. तेच कव्हर बेअरिंगला दाबून धरतं. जाड पॅकिंगनं बेअरिंग मागेपुढे सरकतं, पातळानं कव्हर टेकतच नाही किंवा तडकतं. सिलिकॉन लावायचं तर बोटानं पुसट. भरपूर चोपडलं की आत पिळून आलेले तुकडे कव्हरच्या तळाचं ऑइल परत जायचं भोक बुजवतात, आणि महिनाभरात क्लच प्लेट ऑइलनं भिजते. ते भोक खाली आलंय ना हे बोल्ट आवळण्याआधी बघा. सगळी सील नवी.

बंद केल्यावर टेबलावरच एकेक गिअर टाकून क्लच शाफ्ट हातानं फिरवा. पहिल्यात मेन शाफ्ट सगळ्यांत सावकाश, चौथ्यात बरोबरीनं, रिव्हर्समध्ये उलटा. न्यूट्रलला फिरताना हाताला कुठे जड-हलकं लागता कामा नये. लागलं तर इथेच पुन्हा उघडा, गाडीखाली गेल्यावर आळस येतो.

चढवताना बेलहाउसिंगची दोन्ही तोंडं नखाएवढ्याही मातीशिवाय, डॉवेल जागेवर. क्लच प्लेट जुन्या क्लच शाफ्टनं किंवा लाकडी दांड्यानं मध्यावर आणा. बॉक्स हातानं सरकून बेलहाउसिंगला टेकला पाहिजे. बोल्ट आवळून ओढायची वेळ आली तर कुठेतरी प्लेट अडलीय. आवळत राहिलात तर हब किंवा केसिंगचा कान जाईल.

पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढा, पुन्हा त्याच पांढऱ्या थाळीत. थोडी सोनेरी चमक नव्या रिंगांची येईल. पापुद्रे मात्र एकही दिसता कामा नये. त्या ५०० किलोमीटरमध्ये तुळजापूर घाट एकदा तिसऱ्यात चढून बघा. खरखर गेलेली असेल, दातांची बारीक गुणगुण उरली तर ती जुन्या जोडीची आहे आणि तिच्यासाठी बॉक्स परत खोलायची गरज नाही.